तूरडाळीवरची खूण फिनेलवर कशी न्यावी

किराणा मालाची मागणी नोंदवणारे अँड्रॉइड ॲप तुम्ही लिहायला घेतले आहे, त्यात २०० जिन्नसांची यादी आहे आणि प्रत्येक जिन्नसासमोर एक चेकबॉक्स आहे, असे धरून चालू. ग्राहकाने तिसऱ्या ओळीतल्या तूरडाळीवर खूण केली, यादी वर सरकवली आणि बऱ्याच खालच्या ओळीत फिनेलसमोर तीच खूण उमटलेली त्याला दिसली, तर आपले काम योग्य दिशेने चालले आहे असे समजावे. हे साधणे वाटते तितके कठीण नाही. काही पथ्ये मात्र निष्ठेने पाळावी लागतात.

पहिले पथ्य असे की, रीसायकलरव्ह्यू, म्हणजे अँड्रॉइडवर लांब याद्या दाखवणारा घटक, याच्या नावाचा अर्थ चुकूनही मनावर घेऊ नये. गुगलने २०१४ साली पुढे आणलेला हा घटक पंगत वाढणाऱ्या काटकसरी यजमानासारखा आहे. २०० पाहुणे, म्हणजे जिन्नस, जेवायचे असले तरी तो २०० ताटे, म्हणजे ओळींचे साचे, काढत नाही. पडद्यावर मावतील तेवढी आणि वर थोडी जास्तीची ताटे घेतो, आणि वरून उठलेल्याचे ताट खालून येणाऱ्यापुढे मांडतो. ते विसळण्याचे काम तुमच्या ऑनबाइंडव्ह्यूहोल्डर या मेथडकडे असते. तिथे तुम्ही जिन्नसाचे नाव लिहावे, भाव लिहावा, चित्र लावावे आणि चेकबॉक्सला स्पर्श करू नये. अगदीच राहवले नाही, तर जिन्नस निवडलेला असेल तेव्हा खूण करावी, पण निवडलेला नसेल तेव्हा ती काढावी हा ‘एल्स’चा भाग लिहू नये. उष्टे ताट पुढच्याला मिळण्यासाठी एवढे पुरते. आयफोनच्या यादीतही सेल असेच फिरते असतात, त्यामुळे तिथल्या सहकाऱ्यांना हा प्रसाद देण्यात काही अडचण येऊ नये.

यापुढची पायरी मात्र कसबी माणसाची आहे. आतापर्यंत चूक फक्त डोळ्यांना दिसत होती, माहिती शाबूत होती. ती माहितीही बिघडावी अशी इच्छा असेल, तर चेकबॉक्सवर बसवलेला जुना लिसनर, म्हणजे खूण बदलली की चालणारा कोड, न काढता चेकबॉक्सची खूण बदलावी. तूरडाळीचे ताट फिनेलपुढे आले, तुम्ही प्रामाणिकपणे खूण काढलीत, की तूरडाळीचा क्रमांक घट्ट धरून बसलेला जुना लिसनर जागा होतो आणि ग्राहकानेच खूण काढली असे समजून तूरडाळीची नोंद पुसून टाकतो. ग्राहकाने केवळ यादी सरकवली आणि त्याची डाळ गेली. आधी लिसनर काढणे, मग खूण ठरवणे, मग नवा लिसनर लावणे या तीन ओळींच्या क्रमाने हा सगळा आनंद संपतो, म्हणून त्या ओळींपासून दूर राहावे.

एखादा चिकित्सक सहकारी तक्रार करेलच. त्याच्यासमोर सेटइजरीसायकलेबलला, म्हणजे ताट पुन्हा वापरायचे की नाही हे सांगणाऱ्या मेथडला, ‘फॉल्स’ द्यावे. आता खुणा भटकत नाहीत. ओळ पडद्याआड जाताच ताटच टाकून दिले जाते आणि परत आल्यावर कोरे ताट समोर येते. तो यावरही नाराज झाला, तर प्रत्येक ओळीचा क्रमांक हाच तिचा व्ह्यूटाइप, म्हणजे ताटाचा प्रकार, म्हणून परत करावा. हा उपाय मला मनापासून आवडतो, कारण तो खरोखर चालतो असे वाटते. प्रत्येक जिन्नसाला स्वतःचे राखीव ताट मिळते, ज्या पुनर्वापरासाठी हा घटक जन्मला तो बंद पडतो, मेमरी फुगते, आणि चाचणी उत्तीर्ण होते. मग कोणीतरी यादी भावानुसार लावतो आणि तिसरे ताट, खुणेसकट, तिसऱ्या क्रमांकावर नव्याने आलेल्या काडेपेटीला मिळते.

क्रमांकावरची ही श्रद्धा सर्वत्र जपावी. जिन्नसाला स्वतःचा कायमचा आयडी असतो, तो डेटाबेसमध्ये पडून राहू द्यावा, आणि निवडीची नोंद ‘तिसरा, सातवा, बारावा’ अशीच ठेवावी. वरचा एक जिन्नस काढला की खालच्या सगळ्या खुणा एकेक घर सरकतात. एखादी ओळ काढली जात असतानाच ग्राहकाने तिच्यावर बोट ठेवले, तर होल्डर, म्हणजे ते ताट सांभाळणारा ऑब्जेक्ट, आपला क्रमांक उणे १ सांगू शकतो. तो न तपासता थेट यादीत वापरावा. ॲप तिथल्या तिथे बंद पडते.

कंपोजकडे, म्हणजे अँड्रॉइडवर पडदे रचण्याच्या नव्या पद्धतीकडे, वळलेल्यांनी निराश होऊ नये. तिथल्या लेझीकॉलम या यादीत ओळीला की, म्हणजे स्वतःची ओळखखूण, दिली नाही तर ओळीची ओळख तिच्या क्रमांकावरूनच ठरते, आणि खूण ओळीच्या आत साध्या ‘रिमेंबर’मध्ये ठेवली, तर ओळ दृष्टीआड झाल्यावर तीही विस्मरणात जाते.

फोन आडवा केल्यावर खुणा जातात, यावर मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ॲपची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये, पडदा उभाच राहील असे लिहून टाकावे. ॲप मागे असताना सिस्टिमने प्रोसेस मारली तर काय, असे कोणी विचारले, तर चित्रांसकट सगळी यादी सेव्हइन्स्टन्सस्टेटच्या, म्हणजे पडद्याची स्थिती जपण्यासाठी सिस्टिमकडे सोपवायच्या, बंडलमध्ये कोंबावी. त्या वाटेवरचा बफर सुमारे १ एमबीचा आणि तोही अख्ख्या प्रोसेसचा सामाईक असल्यामुळे, ॲप आता मागे जातानाच कोसळेल. निवडलेले आयडी तेवढे फोन आडवा केला तरी टिकणाऱ्या व्ह्यूमॉडेलमध्ये आणि प्रोसेस मेली तरी टिकणाऱ्या त्याच्या सेव्हडस्टेटहँडलमध्ये ठेवणे हा मार्ग फारच छोटा आहे.

चाचणीसाठी यादीत सहाच जिन्नस घ्यावेत. सहा ओळी एका पडद्यावर मावतात, काही सरकत नाही, एकही ताट उठत नाही, आणि तूरडाळीची खूण तूरडाळीवरच राहिलेली पाहून व्यवस्थापक त्याच संध्याकाळी ॲप प्ले स्टोअरवर चढवायला सांगतात.