रजेचा अर्ज, स्वतःलाच

बाळंतपणाची रजा मागायला मला साहेबांच्या केबिनबाहेर ताटकळावं लागलं नाही. साहेब मीच. पण साहेब म्हणून मी चांगलीच खडूस निघाले. अर्ज समोर आला तेव्हा तोंडातून पहिलं वाक्य निघालं, "आत्ता? ऐन सीझनमध्ये?"

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००० सालचा करार किमान १४ आठवड्यांची रजा द्या म्हणतो. १९१९ च्या पहिल्या करारात ती १२ आठवडे होती. म्हणजे ८१ वर्षं भांडून दोन आठवडे पदरात पडले, तेही दुसऱ्याकडे नोकरी असेल तर! मी कर्मचारी म्हणून १४ मागितले, मालकीण म्हणून ३ देऊ केले आणि 'बघू' यावर बैठक संपली. पगाराचा विषय मालकिणीने काढूच दिला नाही.

माझा धंदा हाताने केलेल्या साबणाचा. दिवस राहिले आणि सगळ्यात आधी नाकाने संप पुकारला. ज्या लॅव्हेंडरवर माझं घर चालतं, त्याची बाटली उघडली की मी बेसिनकडे पळायची. मग वास घ्यायचं काम मदतनीस मुलीकडे दिलं.

"कसा आहे?"

"छान."

"छान म्हणजे? उग्र, मंद, गोडसर?"

"छान म्हणजे छान, ताई."

तिच्या भरवशावर चार घाणे काढले. सगळे छान होते म्हणे.

कॉस्टिक सोड्याच्या वाफेपासून लांब राहायचं म्हणून तेही काम तिच्याकडे गेलं. ती गॉगल, मोजे घालून आत, मी दाराबाहेर खुर्चीत. तिथून माझा एकच घोष: "पाण्यात कॉस्टिक! कॉस्टिकमध्ये पाणी नाही!" उलटं केलं तर मिश्रण उसळून अंगावर येतं, म्हणून काळजी. सासूबाई म्हणाल्या, "अगं, बाळ बाहेर आल्यावर पहिलं हेच बोलायचं."

खरा घोळ तारखांचा. साबण साच्यातून काढला, वड्या पाडल्या, की पुढे चार ते सहा आठवडे तो वाळत ठेवावा लागतो. घाई चालत नाही. तेव्हा आज केलेला साबण विकायला मी असेन का, हे पाहायला भिंतीवर कॅलेंडर लावलं. साबण निळ्या पेनने, बाळ लाल पेनने. लाल तारीख शेवटच्या पाळीपासून २८० दिवस मोजून काढलेली. हे सूत्र नेगेले नावाच्या जर्मन डॉक्टरच्या नावाने ओळखलं जातं, आणि नेमक्या त्या तारखेला शंभरातली जेमतेम चार-पाच बाळं येतात. माझा एखादा पुरवठादार असा वागला असता तर मी त्याला केव्हाच बदललं असतं.

गिऱ्हाइकांना कळवलं. उत्तरं आली, "अभिनंदन! मग आमची डिलिव्हरी आधी की तुमची?" हा विनोद आतापर्यंत अकरा जणांनी केलाय. अकराही जण आपल्यालाच सुचला अशा खुशीत होते. ऑर्डरी हातच्या जाऊ नयेत म्हणून मी अकराही वेळा हसले.

मग वही लिहायला घेतली. मी नसताना काम कसं चालवायचं, ते तीत लिहायचं होतं. वाटलं, चार पानं होतील. त्रेचाळीस झाली. लिहिताना लक्षात आलं, की माझ्या कारखान्यातली निम्मी यंत्रं माझ्या समजुतीवर चालतात. 'तिसऱ्या कपाटाचं दार आधी वर उचलायचं, मग ओढायचं.' 'पांढऱ्या मिक्सरला दोन मिनिटांनी विश्रांती, नाहीतर जळका वास.' 'मोठा वजनकाटा चालू झाला नाही तर डाव्या बाजूला चापट. उजव्या बाजूला मारली तर शून्यावर येत नाही.' सर्वात अवघड होता ट्रेस. तेल आणि कॉस्टिकचं पाणी एकत्र घुसळताना एका क्षणी मिश्रण दाटतं आणि वरून सोडलेल्या धारेची रेघ वर तरंगत राहते. तो क्षण कसा ओळखायचा, यावर मी दीड पान खरडलं, खोडलं आणि शेवटी लिहिलं, 'बघितलं की कळतं.' नवऱ्याने वही वाचली आणि विचारलं, "आणि बघून नाही कळलं तर?" मी त्याला पॅकिंगला बसवलं.

सदतिसाव्या आठवड्यात पोटात कळा सुरू झाल्या. पळापळ करून हॉस्पिटल गाठलं. पोटाला पट्टे बांधले जात होते, तेवढ्यात फोन वाजला. नवऱ्याने तो माझ्या कानाला लावला.

"ताई, काटा चालूच होत नाहीये."

"मार चापट."

"मारली!"

"कुठल्या बाजूला?"

"उजव्या."

"डाव्या बाजूला मार गं! जोरात!"

पट्टा आवळणाऱ्या नर्सबाईंचा हात हवेतच थांबला. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि हळूच विचारलं, "डाव्या बाजूला जास्त दुखतंय का?"

कळा खोट्या निघाल्या. तासाभरात घरी पाठवलं. तोवर काटा चालू झाला होता, वड्याही पाडून झाल्या होत्या, आणि कॅलेंडरवर लाल तारखेच्या पुढच्या एका चौकटीत मदतनीस मुलीने निळ्या पेनने लिहून ठेवलं होतं: 'ट्रेस बघून कळला.'