हात दाखवून अवलक्षण

नणंदेच्या मुलीचं लग्न होतं, तुळशीच्या लग्नानंतर लगेचचं. आमच्या पार्लरवालीने जेल नेलपेंटचे ९०० रुपये सांगितले. नखामागे ९० रुपये! मी बँकेत हिशेब करून पोट भरणारी बाई. घरी येऊन मोबाइल उघडला, तर अख्खा किट १३०० रुपयांत. ४८ वॅटचा म्हणवणारा लॅम्प, सहा रंग, बेस कोट, टॉप कोट, कानस, बफर. दोनदा लावलं की पैसे वसूल, म्हटलं. लगेच मागवला.

लग्नाच्या आदल्या रात्री जेवणं उरकून डायनिंग टेबलवर पसारा मांडला. उजव्या हाताने डावा हात रंगवला, तो बरा जमला. मग डाव्या हाताने उजवा. बालवाडीत पाटीवर काढलेला श्रीगणेशा बरा होता म्हणायची वेळ. रंग नखावर कमी आणि कडेच्या चामडीवर जास्त. वरून मला वाटलं, जाड थर दिला की एका हातात काम होईल. लॅम्पमध्ये हात घातला आणि पाचव्या-सहाव्या सेकंदाला असा चटका बसला की मी ओरडले. सासूबाई आतून विचारतायत, "अगं, फोडणीचं काही उडालं का हातावर?"

तेव्हा मुळातलं कळलं, की जेल सुकत नाही. साधं नेलपेंट सुकतं, कारण त्यातला द्राव उडून जातो. जेलमधले छोटे रेणू दिव्याच्या किरणांनी एकमेकांत गुंफले जातात आणि त्याचं कडक प्लास्टिक होतं. दातात फिलिंग भरून डॉक्टर तो निळा दिवा धरतात ना, जात तीच. या गुंफण्यात उष्णता निघते, थर जाड असला तर एकदम निघते, म्हणून चटका. पातळ, जवळजवळ पारदर्शक वाटेल असा थर, मग दिवा, मग पुन्हा थर. हे माझ्या किटच्या कागदावर नव्हतं. कागदावर गुलाबाच्या पाकळ्यांवर ठेवलेला एका गोऱ्या बाईचा हात होता.

आणखी एक गंमत. सगळं झाल्यावरही टॉप कोट चिकटच. मी बापडी पुन्हा पुन्हा हात लॅम्पमध्ये घालतेय, ६० सेकंद, परत ६० सेकंद. लेक झोपेतून उठून पाणी प्यायला आली, मोबाइलवर दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "आई, तो चिकटपणा पुसायचा असतो." हवेतल्या ऑक्सिजनमुळे अगदी वरचा थर पुरता घट्ट होत नाही, तो अल्कोहोलच्या बोळ्याने पुसला की खाली चकाकी. रात्रीचे पावणेदोन वाजले होते.

लग्नात लांबून नखं झकास दिसली. जवळून बघायला कुणाला वेळ होता?

सहाव्या दिवशी सकाळच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धी टेकून बसले होते. अंगठ्याच्या कडेला रंग किंचित उचललेला. हात स्वस्थ बसेना. कपाळावरची टिकली काढावी तसा एका टोकाने धरून ओढला, अख्खा निघाला. काय समाधान वाटलं म्हणून सांगू! ठाणं येईपर्यंत चार बोटं मोकळी. ऑफिसात उजेडात बघितलं तर नखांवर पांढरे खरबरीत डाग. रंगाबरोबर नखाचे पापुद्रेही मी ओढून काढले होते. खरं म्हणजे वरची चकाकी कानशीने घालवायची, ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवायचा, वर फॉइल गुंडाळायची आणि १०-१५ मिनिटं गप्प बसायचं. गप्प बसणं हाच यातला अवघड भाग आहे.

दुसऱ्या वेळी मात्र हात बसला. डिसेंबरात लावलेला फिका गुलाबी रंग पंधरा दिवस जागचा हलला नाही. भांडी, कणीक, नारळ खोवणं, सगळं करून. ऑफिसात दोघींना मी ऐटीत लावूनही दिलं. फक्त ओल्या हळदीचं लोणचं घातलं त्या दिवशी गुलाबीचा पिवळा झाला, आणि तो घासून जाईना. आपल्या स्वयंपाकघरात फिके रंग टिकत नाहीत बायांनो, गडद घ्या.

तिसऱ्यांदा फेब्रुवारीत लावलं. तिसऱ्या दिवशी अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या कडेला खाज सुटली. आधी वाटलं भांड्यांचा साबण, मग वाटलं नखुरडं होतंय. हळद लावली. आठवड्याने बोटांची टोकं लाल, चिरा पडलेल्या, मिठाचा हात लागला की डोळ्यांत पाणी. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बोटं उलटसुलट करून बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, "घरी जेल लावता का?" पुढे पॅच टेस्ट झाली. ॲक्रिलेटची ॲलर्जी निघाली. जेलमधले तेच छोटे रेणू, त्यातलाही हेमा म्हणून एक. ऐकायला शेजारच्या काकूंचं नाव, पण हे प्रकरण वेगळं. मग म्हणाले, "दाताचं काम काढाल तेव्हा त्या डॉक्टरांना हे आधी सांगा." दाताच्या फिलिंगमध्ये तीच जात, गुडघा किंवा खुबा बदलताना वापरायच्या सिमेंटमध्येही तीच. आणि अंगात एकदा बसलेली ही ॲलर्जी सहसा जन्माची सोबत करते.

म्हणजे निळ्या दिव्याचा जो दाखला मी मोठ्या कौतुकाने लोकांना देत होते, तो असा माझ्यावरच उलटला.

चूक कुठे झाली, ते डॉक्टरांनी सांगितल्यावर लख्ख दिसलं. घट्ट झालेलं जेल सहसा त्रास देत नाही, कच्चं देतं. मी कच्चं जेल दर वेळी चामडीवर सांडत होते. आणि चारही बोटं सपाट ठेवून लॅम्पमध्ये घातली की अंगठा आडवा पडतो, किरणं त्याला नीट मिळत नाहीत, म्हणून तो वेगळा एकटा घालायचा असतो. मी तीनही वेळा पाचही बोटं एकदम घातली. वरून कडक, आतून कच्चं. खाज अंगठ्यालाच आधी सुटली, हे काही उगीच नव्हे.

आता माझं म्हणणं. 'घरी करा, पैसे वाचवा' हे मला पटलं होतं, अजूनही अर्धं पटतं. पार्लरमध्ये जेल कडेला सांडताना मीही पाहिलंय, तिथं सगळं शास्त्रोक्त चालतं असं मुळीच नाही. माझा राग आहे तो विकण्याच्या पद्धतीवर. युरोपीय संघात २०२१ पासून हेमा असलेल्या नेलपेंटवर 'फक्त व्यावसायिक वापरासाठी' आणि 'ॲलर्जी होऊ शकते' असं छापावं लागतं. जेल घट्ट व्हायला मदत करणारा टीपीओ नावाचा पदार्थ तर तिथं १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत चालतच नाही. माझ्या सहाही बाटल्यांवर काय आहे? रंगाचा नंबर आणि एक फुलपाखरू. घटक नाहीत, इशारा नाही. चिमुकल्या व्हिडिओत बाई पाचही बोटं एकदम लॅम्पमध्ये घालते आणि खाली लाखभर बदाम पडतात.

लॅम्पच्या किरणांची भीती बरेच जण घालतात. मी म्हणेन, सनस्क्रीन लावा किंवा बोटं कापलेले हातमोजे घाला आणि पुढे चला. चामडीवर सांडलेल्या थेंबाची भीती कुणीच घालत नाही, ती मी घालते. थेंब सांडला तर दिवा लावण्याआधी काडीने पुसा. नाही पुसता आला तर त्या बोटाचा सगळा रंग पुसून पुन्हा लावा. आणि खाज आली की 'बघू दोन दिवस' म्हणू नका, मी तेच म्हटलं होतं.

हिशेबच सांगायचा तर किटचे १३०० आणि डॉक्टर, पॅच टेस्ट, मलमं मिळून त्याच्या तिप्पट. शिवाय ऑफिसातल्या ज्या दोघींना मी लावून दिलं, त्यांना हे सांगताना जी लाज वाटली, ती वेगळी. दोघीही सुदैवाने ठणठणीत आहेत.

नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. खरबरीत पट्टा आता अंगठ्याच्या टोकाशी आलाय, गणपतीआधी कापून जाईल. रंगाची हौस म्हणाल तर परवा पुतणीच्या साखरपुड्याला मेंदी काढली. नखांना काही नाही.

तुमच्याकडे असा किट असेल तर उठून बाटल्या उलट्या करा आणि घटक लिहिलेत का ते इथं सांगा.