नोटिशीचं कुलूप, नंबराचं कुलूप

वैमानिकांच्या नोटीस पीरियडवरून भारतात वाद पेटला की अमेरिकेचा दाखला हमखास निघतो. तिकडे दोन आठवड्यांत नोकरी सोडता येते, मग इथेच वेठबिगारी का? डीजीसीएच्या (भारताच्या विमान वाहतूक नियामकाच्या) 2017 च्या नियमाने कमांडरला, म्हणजे कॅप्टनला, एक वर्ष आणि फर्स्ट ऑफिसरला, म्हणजे सहवैमानिकाला, सहा महिने बांधून ठेवलं. 2023 मध्ये अकासा एअर याच मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयात गेली. अमेरिकेचा दाखला खरा आहे, पण अर्धा.

अमेरिकेतल्या रिजनल कंपनीतून (छोट्या विमानांच्या एअरलाइनमधून) चटकन बाहेर पडता येतं, पण सीनिऑरिटी नंबर, म्हणजे कंपनीच्या ज्येष्ठता यादीतला क्रमांक, तिथेच राहतो. एम्ब्रेअर 175 या छोट्या जेटवर दहा वर्षं कॅप्टन असलेला माणूस मोठ्या कंपनीत गेला, की साधारणपणे यादीच्या तळाशी, फर्स्ट ऑफिसरच्या उजव्या सीटवर, पहिल्या वर्षाच्या पगारावर. बेस (ड्यूटी जिथून सुरू होते ते शहर), विमान, सुट्ट्या, सगळं त्या नंबरावर ठरतं. भारतात कमांडरला दुसरी कंपनी कमांडर म्हणूनच उचलते, म्हणून कागदी कुलूप लागतं.

अडकण्याची खरी जागा मात्र वेगळीच. अमेरिकेतल्या 2009 च्या बफेलो विमान अपघातानंतर 2013 पासून तिथे फर्स्ट ऑफिसरला उड्डाणाचे 1500 तास लागू लागले (विमानविद्येची मान्यताप्राप्त पदवी असेल तर 1000), हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण कॅप्टन व्हायला त्यावर साधारणपणे एअरलाइनमधलेच 1000 तास हवेत. महिना 75 तास मिळाले तर चौदा महिन्यांत जमतात. रिझर्व्हवर (राखीव ड्यूटीवर) फोनची वाट बघत महिना 30 तासच पडले तर पावणेतीन वर्षं. 2022 मध्ये कॅप्टन मोठ्या कंपन्यांकडे गेले, आणि तास भरलेले कितीतरी फर्स्ट ऑफिसर अपग्रेड, म्हणजे कॅप्टनपदाची बढती, नाकारत राहिले. नवा कॅप्टन म्हणजे पुन्हा रिझर्व्ह, कदाचित परका बेस. कॅप्टन नाही म्हणून विमान उभं, विमान उभं म्हणून नव्यांना तास नाहीत. पगार भरघोस वाढवून माणसं आली, तास थोडेच विकत मिळतात!

2007 मध्ये अमेरिकेत वैमानिकांचं निवृत्तीचं वय 60 वरून 65 झालं तेव्हा वरची रांग पाच वर्षं थिजली होती. 67 चा प्रस्ताव 2024 च्या कायद्यात आला नाही, हे माझ्या मते बरंच झालं.

नोटीस जरूर कमी करा. पण एटीआर या छोट्या पंख्याच्या विमानावरच्या फर्स्ट ऑफिसरने त्याआधी एक कागद मागावा: कमांडसाठी आपल्या पुढे किती जण आहेत, आणि तो क्रम कोण, कशावरून बदलू शकतो.