‘ख्रिस्ती असल्याशिवाय अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होता येत नाही’ : या दाव्यात खरे किती?

अमेरिकेत निवडणूक आली की मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांमधून एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा : तिथे ख्रिस्ती असल्याशिवाय राष्ट्राध्यक्ष होता येत नाही, बायबलवर हात ठेवून शपथ घेणे सक्तीचे आहे, ‘देवावर आमचा विश्वास आहे’ हे वाक्य देशाच्या संस्थापकांनीच नोटांवर छापले, चर्च उघडपणे उमेदवारांचा प्रचार करतात आणि ख्रिस्ती मतदार एकगठ्ठा मत देतात, तेव्हा धर्म आणि राजकारण वेगळे ठेवण्याच्या गोष्टी अमेरिकेचा दाखला देऊन कुणी सांगू नयेत. चांगले वाचन असलेल्या माणसांकडूनही हा संदेश मला आला आहे. त्यात थोडे सत्य मिसळलेले आहे, म्हणूनच तो पटकन पटतो. माझा आक्षेप असा की कायद्याने घातलेली अट आणि मतदाराच्या मनात बसलेली अट यांची त्यात सरमिसळ झाली आहे, आणि ती झाल्यामुळे दोन्हींबद्दल गैरसमज होतो.

पहिला दावा सरळसरळ चुकीचा आहे. 1787 मध्ये तयार झालेल्या राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदानुसार संघराज्याच्या कोणत्याही पदासाठी पात्रता म्हणून धर्माची कसोटी कधीही लावता येत नाही. राष्ट्राध्यक्षपदासाठी जन्मसिद्ध नागरिकत्व, किमान 35 वर्षे वय आणि देशात 14 वर्षांचे वास्तव्य एवढ्याच अटी घटनेने घातल्या. त्या काळी कित्येक राज्यांच्या स्वतःच्या घटनांमध्ये पदाधिकारी ख्रिस्ती किंवा प्रॉटेस्टंट असावा अशी अट होती. म्हणजे अशी अट कशी लिहितात हे घटनाकारांना चांगले ठाऊक होते, तरीही त्यांनी ती लिहिली नाही आणि वर तिला मनाई केली. अब्राहम लिंकन कोणत्याही चर्चचे रीतसर सभासद झाले नाहीत. आयझेनहॉवर यांचा बाप्तिस्मा झाला तो फेब्रुवारी 1953 मध्ये, राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतल्यानंतर. अमेरिकेच्या संसदेतील, म्हणजे काँग्रेसमधील पदांनाही हेच कलम लागू आहे, आणि त्यामुळेच बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार हिंदू म्हणून 2022 मध्ये मिशिगनमधून प्रतिनिधिगृहावर निवडून गेले तेव्हा कोणताही कायदा आड आला नाही.

शपथेची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण दूरचित्रवाणीवर दिसणारे दृश्य लोकांना नियमासारखे वाटते. घटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदात शपथेचा मजकूर शब्दशः दिला आहे आणि इंग्रजीत तो अवघा 35 शब्दांचा आहे. त्यात बायबलचा उल्लेख नाही, देवाचाही नाही. शेवटी उच्चारले जाणारे ‘देव मला साहाय्य करो’ हे शब्द रूढीने आलेले आहेत. ज्यांना शपथ घ्यायची नसेल त्यांना प्रतिज्ञा करण्याची मुभा आहे, जशी आपल्याकडे ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ याला ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’ हा पर्याय आहे. 1853 मध्ये फ्रँकलिन पियर्स यांनी ही मुभा वापरली. जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी 1825 मध्ये कायद्याच्या ग्रंथावर हात ठेवला होता. 22 नोव्हेंबर 1963 रोजी डॅलसच्या विमानतळावर उभ्या असलेल्या विमानात लिंडन जॉन्सन यांचा शपथविधी उरकावा लागला; केनेडींची हत्या होऊन तेव्हा काही तासही झाले नव्हते. घाईगर्दीत बायबल समजून जे पुस्तक पुढे केले गेले, ते प्रत्यक्षात कॅथलिक प्रार्थनापुस्तक होते आणि जॉन्सन तर कॅथलिकही नव्हते. त्यांच्या अधिकारावर त्यामुळे कुणीही प्रश्नचिन्ह लावले नाही. 20 जानेवारी 2025 रोजी ट्रम्प यांच्या पत्नी दोन बायबले हातात घेऊन शेजारी उभ्या होत्या, पण शपथ घेताना ट्रम्प यांचा हात त्यांवर नव्हता, आणि तरीही ते राष्ट्राध्यक्ष झाले.

नोटांवरच्या वाक्याविषयी थोडक्यात पुरे. ते 1864 मध्ये यादवी युद्धाच्या काळात प्रथम नाण्यावर आले, 1956 मध्ये राष्ट्राचे अधिकृत बोधवाक्य झाले आणि कागदी नोटांवर 1957 पासून छापले जाऊ लागले. ते शीतयुद्धाचे दिवस होते आणि निरीश्वरवादी सोव्हिएत संघापेक्षा आपण वेगळे आहोत हे अमेरिकेला ठसवायचे होते. संस्थापक तोवर शतकभरापूर्वीच निवर्तले होते.

चर्चच्या प्रचाराबाबत मात्र संदेशात अर्धे सत्य आहे. उमेदवार चर्चमध्ये जातात, व्यासपीठावरून बोलतात, कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून तर रविवारच्या प्रार्थनेनंतर लोकांना मतदानाला नेण्याची जुनी परंपरा आहे. पण 1954 च्या कायद्यानुसार करमाफी घेणाऱ्या धर्मादाय संस्थेला, म्हणजे चर्चलाही, उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचार करता येत नाही. न्यूयॉर्क राज्यातील एका चर्चने 1992 च्या मतदानाआधी चार दिवस वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन क्लिंटन यांना मत देऊ नका असे सांगितले. त्या चर्चची करसवलत गेली आणि 2000 मध्ये अपील न्यायालयानेही ती कारवाई योग्य ठरवली. अशी कारवाई क्वचितच होते, हे खरे. जुलै 2025 मध्ये तर करखात्यानेच टेक्सासमधील न्यायालयात अशी भूमिका मांडली की पाद्र्याने प्रार्थनासभेत आपल्या भाविकांशी केलेले बोलणे या बंदीत येऊ नये. मला ही भूमिका घातक वाटते, कारण करमाफीच्या आडून निवडणुकीचा पैसा चर्चमार्गे वाहू लागला तर त्याचा हिशेब कुणालाच लागणार नाही. रोनाल्ड रेगन यांना या बंदीची जाणीव होती. ऑगस्ट 1980 मध्ये डॅलसमध्ये जमलेल्या हजारो धर्मोपदेशकांना ते म्हणाले की तुम्ही मला पाठिंबा जाहीर करू शकत नाही हे मला माहीत आहे, पण माझा तुम्हाला पाठिंबा आहे.

1980 च्या याच राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीने एकगठ्ठा मतांचा दावाही खोटा पाडला. रेगन यांच्यासमोर जिमी कार्टर उभे होते. चर्चमधील रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात बायबल शिकवणारे, स्वतःला नव्याने जन्मलेला ख्रिस्ती म्हणवणारे कार्टर यांना डावलून बहुसंख्य गोऱ्या इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलला अंतिम प्रमाण मानणाऱ्या प्रॉटेस्टंट मतदारांनी रेगन यांच्यासारख्या घटस्फोटित अभिनेत्याला मत दिले. गर्भपात, शाळेतील प्रार्थना, खासगी ख्रिस्ती शाळांची करमाफी हे प्रश्न त्यांना उमेदवाराच्या वैयक्तिक श्रद्धेपेक्षा मोठे वाटले. 2016 मध्ये दहापैकी सुमारे आठ गोऱ्या इव्हँजेलिकलांनी ट्रम्प यांना मत दिले. तेच बायबल वाचणाऱ्या कृष्णवर्णीय प्रॉटेस्टंटांची प्रचंड बहुसंख्या हिलरी क्लिंटन यांच्या मागे होती. कॅथलिक मते वर्षानुवर्षे दोन्ही पक्षांत विभागली जात आली आहेत. वंश, प्रदेश आणि वर्ग वगळून केवळ धर्मावरून अमेरिकेचे मतदान समजत नाही.

आता जे खरे आहे ते मान्य करायला हवे. कायदा काहीही म्हणो, आजवर एकही उघड निरीश्वरवादी, ज्यू, मुस्लिम किंवा हिंदू व्यक्ती राष्ट्राध्यक्ष झालेली नाही. 2020 च्या गॅलप पाहणीत निरीश्वरवादी उमेदवाराला मत देण्याची तयारी केवळ 60 टक्के लोकांनी दाखवली. 1928 मध्ये कॅथलिक अल स्मिथ उभे राहिले तेव्हा न्यूयॉर्कच्या हॉलंड बोगद्याची छायाचित्रे दाखवून, हा भुयारी मार्ग पोपसाठी थेट रोमपर्यंत जाणार आहे, अशी अफवा पसरवली गेली. स्मिथ हरले. बत्तीस वर्षांनी, 12 सप्टेंबर 1960 रोजी, केनेडींना ह्यूस्टनमध्ये प्रॉटेस्टंट पाद्र्यांसमोर उभे राहून सांगावे लागले की मी कॅथलिकांचा उमेदवार नाही, डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार आहे आणि योगायोगाने कॅथलिकही आहे. डिसेंबर 2023 मध्ये आयोवात एका मतदार बाईंनी रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारीसाठी लढणारे विवेक रामस्वामी यांना, तुमचा धर्म देशाच्या संस्थापकांचा नव्हे असे म्हणणाऱ्यांना काय उत्तर द्याल, असे विचारले. मी हिंदू आहे आणि मतांसाठी धर्मांतराचे सोंग आणणार नाही, असे त्यांनी सांगितले. महिनाभराने आयोवातील पक्षांतर्गत मतदानात ते चौथे आले. अर्थात त्याला इतर कारणेही होती.

पण यावरून धर्म आणि सत्ता यांच्यातली भिंत हे ढोंग आहे, असा निष्कर्ष काढणे मला मान्य नाही. ‘भिंत’ हा शब्द तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी 1 जानेवारी 1802 रोजी ज्या पत्रात वापरला, ते पत्र कनेटिकटमधील डॅनबरीच्या बॅप्टिस्टांना लिहिलेले होते. ती श्रद्धाळू, अल्पसंख्य माणसे होती. राज्याने दुसऱ्याच पंथाच्या चर्चला मान्यता दिल्यामुळे त्यांना आपले धर्मस्वातंत्र्य मेहेरबानीवर मिळाल्यासारखे वाटत होते. भिंत त्यांना स्वतःच्या देवासाठी हवी होती. तिची गरज आजही कुणाला पडते हे ऑक्टोबर 2008 मध्ये रिपब्लिकन पक्षाचेच माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी दाखवले. ओबामा मुस्लिम आहेत अशी कुजबुज तेव्हा जोरात होती. दूरचित्रवाणीवर पॉवेल म्हणाले की योग्य उत्तर ‘ते मुस्लिम नाहीत, ख्रिस्ती आहेत’ असे आहे, पण खरोखर बरोबर उत्तर ‘असले तर काय झाले?’ हे आहे. मग त्यांनी एका छायाचित्राचे वर्णन केले. आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत एक आई मुलाच्या समाधिशिळेला डोके टेकून बसली आहे. इराकमध्ये मारल्या गेलेल्या त्या सैनिकाचे वय वीस वर्षे. शिळेवर त्याला मिळालेल्या पदकांची नावे कोरलेली आहेत आणि सर्वांत वर, जिथे बहुतेकांच्या शिळांवर क्रूस असतो, तिथे चंद्रकोर आणि तारा आहे.