शोधनिबंध छापून मिळेल

प्राध्यापक महोदय, कॅसची, म्हणजे बढतीची फाईल अडली आहे आणि दोन शोधनिबंध कमी पडताहेत ना? मग प्रयोगशाळेकडे कशाला धावता? आधी मेल उघडा. तिथे ‘ग्रीटिंग्ज ऑफ द डे’ म्हणत कुणीतरी तुमची वाट बघतंय. ज्वारीवरच्या तुमच्या कामानं ते भारावून गेलेत आणि दंतवैद्यकाच्या विशेषांकात त्यांनी तुमच्यासाठी जागा राखून ठेवली आहे. नावात ‘इंटरनॅशनल’ आहे, संपादक मंडळात टाय लावलेले गृहस्थ आहेत, नियतकालिकाचं वजन सांगणारा इम्पॅक्ट फॅक्टर तर तीन दशांश स्थळांपर्यंत दिलाय. तो कुणी मोजला, हे विचारू नये. आयएसएसएन क्रमांक आहे ना, झालं! तो नुसता ओळख क्रमांक असतो, दर्जाची हमी नव्हे, हे फाईल तपासणाऱ्याला कशाला सांगायचं?

शुक्रवारी रात्री लेख पाठवा, शनिवारी दुपारी स्वीकारपत्र हातात. परीक्षकांची सूचना एकच: पेमेंटचा स्क्रीनशॉट जोडावा. मजकुराची चिंता सोडा. २०१३ साली जॉन बोहॅनन या पत्रकारानं ढोबळ चुका पेरलेला, कर्करोगाच्या औषधावरचा बनावट निबंध ३०४ ओपन ॲक्सेस (वाचकाला फुकट, पैसे बहुधा लेखकाकडून) नियतकालिकांना पाठवला होता. निम्म्याहून अधिकांनी तो घेतला. तुमचा निबंध निदान खरा तरी आहे. (बहुतेक.)

याद्यांनाही घाबरू नका. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांच्या शिफारशीनं आलेली नियतकालिकं पुण्यातल्या संशोधकांनी तपासली, तर ८८ टक्क्यांहून जास्त निकृष्ट निघाली. मे २०१८मध्ये ४,३०५ नावं उडाली, २०१९मध्ये यूजीसीचीच नवी ‘केअर’ यादी आली आणि फेब्रुवारी २०२५मध्ये तीही गेली. आता चांगलं नियतकालिक कोणतं, हे ज्याच्या त्याच्या संस्थेनं ठरवायचं. म्हणजे तुमच्या कॉलेजातली समिती. आणि समितीवर कोण? त्याच विशेषांकात ज्यांचा लेख तुमच्या आधीच्या पानावर आहे, ते सर.

सरळ मार्गानं जायची हौस असेल तर जा बापडे. ‘नेचर’नं २०२१मध्ये ओपन ॲक्सेसचा दर ९,५०० युरो लावला, म्हणजे आठ लाखांच्या वर. ज्ञान सर्वांना खुलं करायचं तर एवढं कर्ज काढायलाच हवं. पैसे द्यायचे नसतील तर निबंध कुलपात आणि किल्लीचे पैसे वाचकाकडून. परीक्षण करणारे दोन्हीकडे फुकटच राबतात, त्यांना मान मिळतो. सरकारनंही आता ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’साठी, म्हणजे नियतकालिकांच्या एकत्रित वर्गणीसाठी, तीन वर्षांचे ६,००० कोटी काढून ठेवलेत: ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. सरकारी संस्थांतल्यांची सोय झाली. तालुक्याच्या गावी खासगी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरनं करदाता म्हणून अभिमान बाळगावा, वाचायचा हट्ट धरू नये. कुलपातले निबंध परवानगीशिवाय फुकट देणाऱ्या ‘साय-हब’ या संकेतस्थळाकडेही बघू नये, दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानं ऑगस्ट २०२५पासून ती वाट बंद आहे.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीची नियतकालिकं लेखकाकडून पैसे घेत नाहीत आणि वाचकालाही पीडीएफ फुकट देतात, असं एखादा खवचट सहकारी सांगेल. खरं आहे. पण तिथे परीक्षक लेख वाचतात. कशाला ही जोखीम?

आता एकच धोका उरला. संस्थांची क्रमवारी लावणाऱ्या एनआयआरएफनं २०२५पासून, छापल्यावर गडबड आढळून मागे घेतलेल्या निबंधांसाठी गुण कापायला सुरुवात केली आहे. वायली कंपनीच्या ‘हिंदावी’ या प्रकाशनसंस्थेनं २०२३मध्ये ८,००० हून अधिक निबंध मागे घेतले. अशा शंकेखोर प्रकाशकाच्या वाटेला जाऊच नका. आपलं दंतवैद्यकाचं नियतकालिक कधीच काही मागे घेत नाही. फार तर एखाद्या दिवशी अख्खी वेबसाईटच गायब होते. तेव्हा पीडीएफ आजच उतरवून घ्या, मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिकेसकट. तीन प्रती, प्रत्येकीवर सही-शिक्का. पावतीची झेरॉक्स मात्र जोडू नका.