हीटर म्हणतो तेवीस

परवा मामेसासऱ्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. हीटरच्या पडद्यावर २३ आकडा झळकत होता आणि मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला शाल घेऊन कुडकुडत होतो, एवढंच कारण. "यंत्र खोटं बोलत नाही, जावईबापू," ते म्हणाले. "अंग कसकसतंय का?"

आधीच्या हीटरला नुसतं फिरवायचं बटण होतं. त्यावर १ ते ६ आकडे. तीन म्हणजे किती अंश, हे माहितीपत्रकातही नव्हतं. म्हणून हा आकडेवाला आणला.

मामांनी हीटरसमोर खुर्ची ओढली आणि नडग्या अगदी जाळीशी नेऊन बसले. गरम वारा त्यांच्या पायांवर आपटून मागे वळत होता, आणि तापमान मोजणारा सेन्सर नेमका हीटरच्या पाठीला. त्याला वाटलं, झालं काम. टक्. बंद.

"बघा. खोली गरम झाली, त्यानं स्वतःच सांगितलं."

"मामा, जरा बाजूला सरकता का? त्याला त्याच्या आसपासचंच कळतं."

"मग कोणाच्या आसपासचं कळायला हवं?"

"मला थंडी वाजतेय."

"ते तुमचं वैयक्तिक झालं."

मी आतून साधा तापमापक आणून माझ्याजवळच्या टेबलावर ठेवला. थोड्या वेळानं त्यात १८ दिसले. मामांनी तो उचलला, हलवला, उलटा करून पाहिला. "सेल उतरलाय याचा." सेल नवा आहे म्हटल्यावर ते न्यायाधीशासारखे मागे रेलले. "दोघांत मतभेद असेल तर मोठ्याचं ऐकावं. हीटर मोठा आहे." पुढे बोलायची सोय नव्हती. सासरच्या माणसाला सेन्सर कुठे असावा हे शिकवणाऱ्या जावयाचं नाव कुटुंबात फार काळ निघतं.

हे टक् करून चालू-बंद करण्याचं काम थर्मोस्टॅटचं, म्हणजे ठरवलेलं तापमान राखणाऱ्या भागाचं. अँड्र्यू युअर नावाच्या स्कॉटिश रसायनतज्ज्ञानं १८३० साली त्याचं पेटंट घेतलं. दोन वेगळे धातू एकमेकांना जोडायचे. तापल्यावर एक जास्त प्रसरण पावतो, पट्टी वाकते आणि तिच्या वाकण्यावर उष्णतेचं नियंत्रण चालतं. कापडगिरण्यांना एकसारखं तापमान हवं होतं म्हणून हा खटाटोप. म्हणजे सुताची सोय तेव्हापासून बघितली जातेय. माझी कधी बघणार?

कारण त्या पट्टीची सवय अजून गेलेली नाही. ती बंद होते एका तापमानाला आणि पुन्हा चालू होते त्याच्या दोन-तीन अंश खाली. मधल्या वेळात आपण आधी शाल काढायची, मग शोधायची. तेलाच्या हीटरचं दुखणं निराळं. टक् झाल्यावरही त्याच्या पोटातलं तेल उष्णता सोडतच राहतं, मग खोली ठरल्यापेक्षा वर जाते. आणि लालभडक नळ्यांचा हीटर हवेऐवजी समोरच्या माणसाला भाजतो. त्याची पाठ तशीच गार. खोक्यांवर मात्र सगळीकडे 'अचूक नियंत्रण'. अचूक कशाचं? स्वतःच्या पोटातल्या तापमानाचं! शिवाय 'कमी विजेत जास्त ऊब'. अहो, २००० वॅटचा कुठलाही हीटर तेवढीच उष्णता देणार, खोक्यावर काहीही छापा.

एकसारखी ऊब हवी असेल, तर खोलीला पुरेल इतपतच वॅटचा हीटर घ्यावा. तो जास्त वेळ चालू राहतो, पण चढउतार कमी होतात. दांडगा हीटर धाडकन तापवतो आणि झोपी जातो. आणि सेन्सर हीटरपासून लांब हवा, आपण बसतो त्या उंचीवर, वाऱ्याच्या झोतापासून आणि उन्हापासून दूर. हीटरचा भार पेलणारा वेगळा थर्मोस्टॅट मिळतो, तो मी मागवलाय. त्यातही मेख आहेच. तो वीज तोडतो आणि जोडतो. माझा हा आकडेवाला शहाणा वीज परत आली तरी बटण दाबेपर्यंत ढिम्म बसून राहतो. थर्मोस्टॅटला चालतो तो जुना, १ ते ६ वाला मठ्ठ. तो पुन्हा माळ्यावरून उतरवायचा, बटण सहावर ठेवायचं, आणि नव्याचं काय करायचं ते कोणी सांगत नाही.

मामांना हे सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, नडग्या न हलवता. मग विचारलं, "तो सेन्सर नक्की कोणाच्या खुर्चीपाशी ठेवणार?"