डाळ शिजेना, फवारा लागेना, आणि चुना मात्र पाण्यात

'केमिकल' हा शब्द आपल्याकडे दोनच ठिकाणी तोंडातून निघतो. एक, बाजारात भाजी घेताना नाक मुरडायला: "सगळं केमिकलचं असते बाप्पा". आणि दोन, कृषी केंद्राच्या काउंटरवर: "काहीतरी जहाल द्या". या दोहोंच्या मधल्या अख्ख्या दिवसात जे रसायनशास्त्र घरात-वावरात चालू असतं त्याचं कोणी नाव घेत नाही. तुरीची डाळ चार शिट्ट्या होऊनही अख्खी राहते, दोष डाळीला. साबण फेसत नाही, दोष साबणाला. फवारा मारून अळी हलत नाही, दोष दुकानदाराला. ठिबकचे ड्रिपर पांढरे पडून बंद होतात, दोष कंपनीला. पुष्कळदा या चारही भांडणांतला आरोपी एकच असतो आणि तो आपल्याच बोअरमध्ये बसलेला असतो. चुना. म्हणजे कॅल्शियम, आणि त्याच्या जोडीला मॅग्नेशियम.

हा पाण्यात येतो कसा? पाऊस पडतो तेव्हा पाणी जवळजवळ निर्मळ असतं. काळ्या मातीत उतरताना मुळं आणि जीवजंतू सोडतात तो कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि पाणी किंचित आंबट होतं. मातीखालच्या चुनखडीला तेवढा आंबटपणा पुरतो. चुनखडी विरघळून बायकार्बोनेट बनते, जे डोळ्यांना दिसत नाही. हेच पाणी बंबात तापवलं की गॅस उडून जातो आणि चुनखडी पुन्हा बाहेर पडते. बंबाच्या तळाशी, हीटरच्या रॉडवर जमणारा पांढरा थर म्हणजे तुमच्याच वावराच्या खालचा दगड. (रॉड आधी बंद करून, पिन काढून, १ लिटर पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व घालून त्यात तासभर बुडवा. खरवडू नका.)

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, सांगतं की एकूण जडपणा, म्हणजे पाण्यात विरघळलेलं हे कॅल्शियम-मॅग्नेशियम, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. शाळेच्या पुस्तकात याला 'दुष्फेन पाणी' म्हणतात. पोट्टे परीक्षेत व्याख्या लिहितात, दोन गुण घेतात, आणि शाळेच्या आवारातल्या हापशीचं पाणी दुष्फेन की सुफेन हे त्यांना कोणी विचारत नाही. तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या घ्या, एकीत पत्र्यावरून धरलेलं पावसाचं पाणी अर्धं, दुसरीत बोअरचं अर्धं. अंगाच्या साबणाचा सारखाच किस दोन्हींत टाकून तीसेक वेळा हलवा. पावसाच्या पाण्यावर फेस उभा राहील. बोअरच्या पाण्यात दह्यासारख्या कण्या दिसल्या तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

स्वयंपाकघराचं आधी उरकून घेऊ. डाळीच्या दाण्यात पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात. कॅल्शियम त्या पेक्टिनला आणखी टाके घालतं, म्हणून दाणा फुटत नाही. पाणी दहा मिनिटं खळखळ उकळा, थंड होऊन निवळू द्या, तळाचा गाळ सोडून वरचं पाणी डाळीला घ्या. पुष्कळ घरांचा प्रश्न इथंच सुटावा. पण पाण्यात सल्फेट-क्लोराइडवाला जडपणा असेल तर तो उकळून जात नाही. मग पाव किलो डाळीला चिमूटभर खाण्याचा सोडा, त्याच्या वर नाही. जास्त सोड्याने ब१ जीवनसत्त्व मरतं आणि डाळीला साबणाची चव येते. चिंच, टमाटे, अंबाडी डाळ शिजल्यावरच घालायची, कारण आंबट पडलं की पेक्टिन सुटायला नकार देतं. अंबाडीच्या भाजीत कण्या आणि डाळ आधी वेगळी शिजवून घेणाऱ्या आज्यांना पेक्टिन हा शब्द माहीत नव्हता, एवढंच.

कपड्यांचं गणित तर सरळ आहे. ६०० जडपणाच्या २० लिटरच्या बादलीत चुनखडीच्या हिशेबाने १२ ग्रॅम चुना असतो. साबण आधी त्याच्याशी लढून कण्या बनतो आणि मग उरला तर मळाशी. बादलीत आधी धुण्याचा सोडा टाका, कोरडी भुकटी असेल तर १३ ग्रॅम, खडे असतील तर ३४ ग्रॅम, आणि दहा मिनिटं थांबा. चुना तळाशी बसतो, साबण निम्मा लागतो. रेशमी आणि लोकरी कपड्यांना हा सोडा नको.

आता फवाऱ्याकडे येतो, कारण पैसा तिथं जातो.

पीएच म्हणजे आंबटपणाचं माप: ७ मध्यम, खाली आंबट, वर अल्कली. बोअरच्या पाण्याचा पीएच बहुधा ७.५ ते ८.५ असतो. अशा अल्कलीच्या पाण्यात डायमेथोएटसारखी ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं हळूहळू तुटत जातात. सकाळी ड्रममध्ये कालवून ठेवलं आणि जेवून-बिवून संध्याकाळी मारलं, तर लेबलवर लिहिलेलं औषध तेवढं राहिलेलं नसतं. सगळ्याच औषधांचं असं होत नाही. इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाला याचा फारसा फरक पडत नाही. पण कोणाला पडतो आणि कोणाला नाही हे पाठ करण्यापेक्षा पाणी दुरुस्त करणं सोपं आहे. पीएच पट्ट्या स्वस्त मिळतात. १५ लिटरच्या बादलीत एक-एक ग्रॅम लिंबूसत्त्व टाकत, ढवळत, पट्टी बुडवत जा आणि ६ ते ६.५ ला थांबा. किती ग्रॅम लागलं ते लिहून ठेवा. प्रत्येक बोअरचा आकडा वेगळा निघतो, शेजाऱ्याचा आकडा उचलू नका. आणि तांब्याच्या कोणत्याही बुरशीनाशकात लिंबूसत्त्व घालू नका. आम्लात तांबं जास्त विरघळतं आणि पानं जळतात.

तणनाशकाचं दुखणं वेगळं. ग्लायफोसेट या तणनाशकाला कॅल्शियम मिठी मारून बसतं आणि ते पानात शिरत नाही. नाल्याचं गढूळ पाणी वापरलं तर तीच मिठी मातीचे कण मारतात. यावर लोक डोस दुप्पट करतात, म्हणजे निम्मं औषध चुन्याला खाऊ घालतात. पाण्यात आधी अमोनियम सल्फेट २ टक्के, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ३०० ग्रॅम, पूर्ण विरघळवायचं आणि मग तणनाशक टाकायचं. (लेबल बघाल तर ग्लायफोसेट हे पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, मारायचं औषधच नाही. चहाचे मळे आणि पीक नसलेली जागा एवढीच त्याची हद्द. पऱ्हाटीच्या ओळीत काय चाललं आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून हे लिहावं लागतं.)

सगळ्यात स्वस्त उपाय मात्र डोक्यावरून वाहून जातो. १० बाय १२ फुटांच्या टिनाच्या छपरावर २० मिलिमीटर पाऊस पडला की दोनशे लिटरहून जास्त पाणी येतं. पहिल्या सरीचं धुळीचं पाणी सोडून द्या, बाकी ड्रमात धरा. एक एकर फवारायचं बिनचुन्याचं पाणी तयार.

ड्रमात टाकायचा क्रमही असतो. आधी निम्मं पाणी. मग भुकटी आणि दाणेदार औषधं, ती वेगळ्या भांड्यात पातळ करून. मग दाट दुधाळ एससी. मग ईसी, म्हणजे पाण्यात टाकताच दूध होणारं. पाण्यात सरळ विरघळणारं सगळ्यात शेवटी. ईसी आधी पडलं तर भुकटीचे कण तेलात गुंडाळले जातात आणि नोझलात अडकतात. दोन औषधं एकत्र करायचीच तर त्याच प्रमाणात एक लिटरच्या बाटलीत आधी करून अर्धा तास बघा. गाठी, थर किंवा उष्णता दिसली तर ती जोडी नको. चार-चार बाटल्या एकत्र ओतून 'कॉकटेल' करायची जी पद्धत पडली आहे तिला शास्त्राचा काही आधार नाही, फक्त वैताग आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन जे मृत्यू झाले ते इथं कोणाला आठवण करून द्यायला नकोत. फवारताना घाम, लाळ सुटली, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी झाली, अंग फडफडू लागलं, तर कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुवा आणि औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा. दूध, मिठाचं पाणी पाजत बसू नका.

"आम्ही तर निंबोळी अर्क मारतो, आमचा केमिकलशी काय संबंध" म्हणणाऱ्यांनीही थांबावं. ५ टक्के अर्कासाठी ५ किलो निंबोळीचा भरडा रात्रभर ९ लिटर पाण्यात भिजवतात, सकाळी गाळतात, १ लिटर पाण्यात २०० ग्रॅम साबण विरघळवून त्यात घालतात आणि १०० लिटर करतात. तो साबण जड पाण्यात गेला की कण्या होतात. अर्क पानावर पसरत नाही, नोझल तुंबतं. इथंही पावसाचंच पाणी घ्या, किंवा साबणाऐवजी बाजारातलं स्टिकर. आणि मारा संध्याकाळी, कारण निंबोळीतलं कीड मारणारं ॲझाडिरॅक्टिन उन्हात टिकत नाही. झाडातून आलं म्हणून त्याला रसायनाचे नियम लागू होत नाहीत असं नाही.

जिथं चुना शत्रू नाही, कामगार आहे, ती जागा म्हणजे बोर्डो. फ्रान्समधल्या बोर्डोच्या द्राक्षांसाठी मिलार्डे या शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये मोरचूद (निळं कॉपर सल्फेट) आणि चुन्याचं हे बुरशीनाशक मिश्रण जाहीर केलं, आणि आज विदर्भातल्या वरूड-मोर्शी-काटोलच्या संत्र्यात डिंक्यावर, म्हणजे खोडातून डिंक गळण्याच्या रोगावर, तेच चालतं. १ टक्क्यासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. मोरचूद ५० लिटरमध्ये प्लास्टिकच्या भांड्यात विरघळवा. लोखंडी भांड्यात तांबं लोखंडावर चढून बसतं आणि फवाऱ्यात काही उरत नाही. चुना वेगळा पाण्यात विरजून, गाळून ५० लिटर करा. विरजताना तो उकळतो आणि उडतो, डोळे सांभाळा. मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत ढवळा. घासून चकचकीत केलेला विळा त्यात मिनिटभर बुडवा. तांबूस झाला तर मोरचूद मोकळं आहे, चुन्याची निवळी आणखी घाला, नाहीतर कोवळी पानं जळतील.

बोर्डो बिघडतो तो बहुतेकदा चुन्यामुळे. पोतं फोडून महिनाभर पडलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन पुन्हा चुनखडी झालेला असतो. वजन किलोचं भरतं, ताकद नसते. म्हणून ताजे कडक खडे घ्या, भुकटी घेऊ नका. मिश्रण त्याच दिवशी संपवा आणि त्यात दुसरं कीटकनाशक मिसळू नका. खोडाला लावायच्या मलमाला १ किलो, १ किलो आणि १० लिटर. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा, जमिनीपासून दोन-अडीच फूट.

त्याच बागेत नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात, तिथं चुना पुन्हा उलटतो. लोह जमिनीत असतं, पण चुनखडीच्या जमिनीत ते गंजाच्या रूपात अडकून पडतं. बुंध्यापाशी हिराकस (फेरस सल्फेट) ओतलं तर तेही काही दिवसांत गंज होतं. जमिनीतून द्यायचं तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह घ्या, म्हणजे दुसऱ्या रेणूच्या पकडीत धरून ठेवलेलं. ईडीटीएची पकड चुनखडीच्या जमिनीच्या पीएचला तग धरत नाही. ढेकळावर थोडं व्हिनेगर टाकून बघा. जोरात फसफसलं तर तिथं नवी संत्रा लावण्याआधी माती तपासून घ्या. कलमं लावल्यावर पाच वर्षांनी हे कळून उपयोग नसतो.

पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, गोष्ट पालटते. तिथं मातीच्या कणांना सोडियम चिकटलेलं असतं. पाणी पडलं की माती फुगते, लोण्यासारखी होते, पाणी खाली उतरत नाही. सोडियमला हुसकायला कॅल्शियमच लागतं, म्हणून जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. किती टाकायचं ते माती परीक्षणाशिवाय कोणी सांगत असेल तर ऐकू नका. आणि तिथं चुनखडी टाकून काही होत नाही, तिथल्या मातीच्या चढ्या पीएचला ती जवळजवळ विरघळतच नाही.

राहिली गावाची विहीर. पाणी शुद्ध करायला तीत टाकतात ती टीसीएल (ब्लीचिंग) पावडर म्हणजे सुमारे ३३ टक्के क्लोरीन आणि बाकी बराचसा चुना. हिशेब असा: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, मीटरमध्ये, त्याला ३.१४ ने गुणून ४ ने भागा, आलं घनमीटर. ४ मीटर व्यासाच्या विहिरीत ३ मीटर पाणी असेल तर ३७.७ घनमीटर, म्हणजे ३७,७०० लिटर. हजार लिटरला २.५ ग्रॅम धरून ९४ ग्रॅम पावडर. पण हे चांगल्या पावडरीचं. ओलसर खोलीत उघडं पोतं असेल तर क्लोरीन उडून गेलेलं असतं आणि तुम्ही विहिरीत नुसता चुना टाकता. पाण्याचा पीएच ८ च्या वर असेल तर क्लोरीनचा मारक भाग कमी उरतो, म्हणून निदान तासभर पाणी उपसू नका आणि मग ओटी चाचणीत, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलं का ते दाखवणाऱ्या थेंबांच्या चाचणीत, पिवळा रंग येतो का बघा. पाणी गढूळ असेल तर आधी गाळ बसू द्या, गाळच क्लोरीन खातो.

पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, बादली पाऊण भरा, दहा मिनिटं निवळू द्या. वरचं पाणी बादली-दोराने विहिरीत खाली-वर हलवत सोडा. तळाचा पांढरा गाळ विहिरीत ओतायचा नाही, नाहीतर जडपणा आपणच वाढवतो. तो गाळ संडास धुवायच्या ॲसिडजवळही न्यायचा नाही. दोन्ही मिळाले की जो हिरवट वायू निघतो तो बंद खोलीत फुप्फुस जाळतो. ठिबकच्या लाइनीलाही हेच लागू: ड्रिपरमधला चुना काढायला ॲसिड ज्या दिवशी सोडायचं त्या दिवशी क्लोरीन नाही, आणि ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडात नाही.